स्वयंपाकघरातून प्रदक्षिणा

बोरिवली (पूर्व),
२ जून १९८४

ती. स्व. नानादादास,
कुंदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आमचं नवं घर पाहायला लोक दादरहून येतात, समोरच्या बंगल्यातून मात्र कुणी येत नाही. मधोमध वड, त्याभोवती कमळांचं तळं, तळ्याभोवती खोल्या. आणि वडाच्या बाजूला भिंतीच नाहीत, नुसते खांब. आर्किटेक्ट म्हणतात, निसर्ग घरात आला. आला खरा. काल बुलबुलाने आमटीत वडाचं फळ टाकलं.

पण हा वड गल्लीतल्या बायका वर्षानुवर्षं पूजत होत्या. आम्ही तो घरात कोंडला म्हणून माझ्याशी कुणी बोलत नाही. समोरच्या द्रौपदीबाई मला पाहून रस्ता बदलतात. ह्यांना सांगितलं, घर विकून घाटकोपरला परत जाऊ. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले. मला तोवर निघेलसं वाटत नाही.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
कुंदा


मुलुंड,
६ जून १९८४

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद.

शास्त्राप्रमाणे वानप्रस्थ पन्नाशीनंतर. तुला तो चाळिशीतच, गॅसच्या शेगडीसकट लाभला, पुण्य मोठं. चंद्रप्रकाशरावांनी अरण्य घरात घेतलं, ऋषिपत्न्या तेवढ्या बाहेर राहिल्या.

तेरा तारखेला वटपौर्णिमा. द्रौपदीबाईंना मी कार्ड टाकलं आहे, की चंद्रप्रकाशरावांचा आग्रह आहे, गल्लीतल्या सर्व भगिनींसह पूजेला यावे. हा आग्रह त्यांना सवडीने कळव. शक्यतो बारा तारखेला, जेवण झाल्यावर. तुझी वहिनी म्हणते, हा धडधडीत खोटेपणा. मी म्हटलं, हा भविष्यकाळ.

मेहुण्यांचा राग माझ्या नावे पाठवावा, तुझा लोभ आहे तसा असू द्यावा.
नाना


बोरिवली (पूर्व),
१४ जून १९८४

ती. स्व. नानादादास साष्टांग नमस्कार.

हे काल रजा काढून फरशीवर पहारा द्यायला बसले. सकाळी एकतीस बायका आल्या. तळ्यामुळे खोडापाशी जाता येईना. मग प्रदक्षिणा निघाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, आमची झोपायची खोली अशी, सूत खांबांना गुंडाळत. पहिली फेरी मुकाट. दुसरीत कुणीतरी माझं उतू जाणारं दूध उतरवलं. चौथीत आमची चादर कुठून आणली याची चौकशी झाली. हे खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचत होते, ते सुतात सापडले. सुटायला बघतात तर द्रौपदीबाई म्हणाल्या, "भाऊजी, हलायचं नाही. एकतीस जणींचे सात जन्म आहेत." हे सातव्या फेरीपर्यंत उभे.

नंतर बायका उपासाच्या चहावर दोन तास बसल्या. जाताना द्रौपदीबाईंनी माझी ओटी भरली आणि आम्हाला वाटलं होतं वड गेला, एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी आर्किटेक्ट आले. पुढच्या वर्षी त्रास नको, मागून वडाकडे वेगळी वाट काढू म्हणाले. हे हो म्हणणार, तेवढ्यात मी सांगितलं, "वाट स्वयंपाकघरातूनच राहील."

घाटकोपरचं नाव मग कुणी काढलं नाही. सूत अजून खांबांवर आहे. हे ऑफिसला जाताना त्याखालून वाकून जातात.

वहिनींना नमस्कार. भविष्यकाळ असाच कळवत जावा.
तुझी,
कुंदा