बांधावरचा विळा

म्हसावद,
अखाजीनंतरचा सोमवार

प्रिय भरत,

अक्षर बघून हसू नकोस. आश्रमशाळेत फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच उभं करायचे, आणि आता ओळी अशा वाकड्या चालल्यात. का, ते सांगते. फोनवर सांगता आलं नसतं. बागेच्या इतक्या जवळ राहून काही नावं मोठ्यानं घ्यायची मला हिंमत होत नाही.

रूपचंदअप्पांनी तुला फोन केल्याचं कळलं. राहायला खोली, फिरायला मोटारसायकल, सुरतेपेक्षा जास्त पगार. तू विचारलंस, ताई, येऊ का? लूमच्या खडखडाटानं तुला झोप येत नाही, तेही मला ठाऊक आहे. आधी सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे तू मला वेडी म्हणणार नाहीस.

लोणखेड्याचा शेतीचा डिप्लोमा संपवून मी अप्पांच्या केळीच्या बागेत लागले, तेव्हा आई पाडाभर सांगत फिरली होती. जिथं बा वर्षाच्या बोलीवर सालदार होता, तिथं त्याची पोरगी मॅडम. ठिबकातून खत सोडायचं, घडांवर लक्ष ठेवायचं, मजूर लावायचे. मजूरच टिकत नव्हते. अप्पा बांधावर बसून म्हणायचे, "आतेना पोरेसले काम नको, मोबाईल पाहिजे." कॉलेजातही सर हेच सांगायचे, की तरुण मुलं शेतात यायला तयार नाहीत. मला ते पटायचं नाही. आपल्या पाड्यावरची हीच पोरं गुजरातेत ऊस तोडतात, तुझ्यासारखी रात्रपाळी करतात. आळशी कोण आहे त्यांत? पण या बागेत ती एक-दोन दिवस राहायची आणि हजेरीचे पैसेही न मागता निघून जायची. मी फुलवंताबाईला कारण विचारलं. ती घड वाहायला येते, तुला आठवत असेल. ती हसून म्हणाली, "मॅडम, तुमना पुस्तकमा देखा ना, मांगनी वळमा कोन शे ते."

मागची ओळ म्हणजे विहिरीकडची. भर दुपारी तिथं जाऊन बघ. बाहेर ऊन पांढरं होऊन तापलेलं असतं आणि आत पानांखाली हिरवा अंधार. वारा नसताना एखादंच पान हलतं. मी कान देऊन उभी राहिले. आधी एक ओला, मऊ घाव ऐकू आला. मग काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज. मग पुढच्या खुंटाशी तसाच घाव. मी गेले तर कोणी नव्हतं. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापलेली होती. चीक अजून टपटपत होता. आणि भरत, प्रत्येक पिलू पालथं घातलेलं होतं.

तुला आठवतं ना? आपण लहान असताना बा सांगायचा, कापलेलं पिलू उताणं टाकू नये, ते आईकडे बघत राहतं. असं करणारा या शिवारात दुसरा कोणी नव्हता. घावही डावीकडून आलेले होते. डाव्या हाताचा विळा बानं लोहाराकडून मुद्दाम करून घेतला होता.

मी अप्पांकडे गेले. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. विड्याचं पान लावता लावता म्हणाले, "तुन्हा बाप करस ना काम, मंग माले काय चिंता." मला तेव्हा कळलं की त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

सालदारीची रीत तुला नीट माहीत नसेल, तू लहान होतास. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपतं. मालक बांधावर उभा राहून नाव घेतो आणि साल भरलं म्हणतो. सालदार ओ देतो, विळा बांधावर खाली ठेवतो आणि मोकळा होतो. पुढचं साल करायचं असेल तरच तो विळा उचलतो. जो उचलेल, त्याचं साल. बा माघात गेला, याच बागेत, घड उतरवताना. आपण त्याला पाड्यावर नेलं, सगळं केलं. पण त्या अखाजीला त्याचं नाव कोणी घेतलं नाही. त्यानंतरच्या एकाही अखाजीला नाही. आई उंबऱ्याशी त्याच्यासाठी पाणी ठेवते ना, ते रोज सकाळी तसंच भरलेलं असतं. तुझा बा अजून घरी आला नाही, असं ती म्हणायची, तेव्हा मी शिकलेली म्हणून तिलाच समजवायचे.

मी अप्पांना विनवलं, यंदा तरी नाव घ्या. ते म्हणाले, "तुन्हा भाऊले धाड, मंग सोडसू." तुला फोन आला तो यानंतर.

म्हणून अखाजीच्या दुपारी मीच बांधावर गेले. अप्पांच्या घरी पुरणाची जेवणं चालली होती. मालक नसताना साल सोडवायचा मला हक्क आहे का, याचा मी आधी पुष्कळ विचार केला. पण रीत म्हणजे रीत, आणि ती कोणीतरी पुरी करायलाच हवी होती. मी बाचं नाव घेऊन आपल्या बोलीत म्हटलं, बा, आमशा, साल भरलं, घरी जा. सगळी बाग गप्प झाली. मग अगदी जवळून, दमलेल्या आवाजात, ओ आली. पानं बाजूला होत होत डोंगराच्या दिशेनं हललेली मी पाहिली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. रडत होती आणि हसतही होती. उंबऱ्यावरचं भांडं रिकामं होतं.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. बांधावर विळा पडला होता, चिकानं ओला. हत्यार जमिनीवर पडू देऊ नये, हे आपल्याला बानंच शिकवलंय. मी शाळेतही कोणाची पडलेली पेन्सिल उचलून जागेवर ठेवायचे. लिंबाला अडकवावा म्हणून मी तो उचलला. मूठ डाव्या हाताची, म्हणून डाव्या हातानं.

त्यानंतर मी पाड्याला जायला निघाले. एसटीत बसले, डोंगर जवळ आला, आणि मग मी मागच्या ओळीत वाकलेली होते. पुन्हा निघाले, पुन्हा तसंच झालं. डाव्या तळहातावर चिकाचा काळा डाग आहे, तो साबणानं जात नाही. उजव्या हातात पेन धरवत नाही. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून मजूर शोधायचं सोडलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. येऊ नकोस. अप्पांचा फोन उचलू नकोस, आणि निघालाच असशील तर विसरवाडीहून मागे फीर. पुढच्या अखाजीला मात्र ये, एवढ्यासाठीच हे लिहिलं. बागेत पाऊल टाकू नकोस. बांधाबाहेर उभा राहा, माझं नाव घे, साल भरलं म्हण, आणि मी ओ देईपर्यंत थांब. मग तुझ्या पायाशी विळा पडलेला दिसेल. तुझा हात आपोआप पुढे जाईल, कारण तूही बाचाच मुलगा आहेस. तो तिथंच पडू दे, भरत.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आशाताई