लेडीजनं फोनवर कसं बोलावं

६ जानेवारी १९८६
माझ्या सेक्शनले नवीन क्लार्क दिली. रत्नमाला. चरोद्याची, बाप रेल्वेत गार्ड. काम एकच: प्लांटचा माल भरायले रेल्वे यार्डातून मालगाडीचे रिकामे डबे मागवणं. आज यार्डच्या हिरालालले फोनवर म्हणे, "काका, खाना हुआ? खाँसी कैसी है? बीस डिब्बे भेज दोगे ना?" हे ऑफिस आहे का सोयरीक? डबे आले, ती गोष्ट वेगळी.
तिले पर्मनंट करायचं का नाही, हे साहेब मलेच विचारणार. माझं प्रमोशनही याच महिन्यात. म्हणजे सेक्टर ६ मधलं मोठं क्वार्टर. निश्चय: पोरीले ऑफिसची भाषा शिकवायची.

७ जानेवारी
शिकवलं. ठाम बोल, कमी शब्दांत बोल. एवढं सांगण्यात लंच टाइम गेला.

८ जानेवारी
"बीस डिब्बे. ग्यारह बजे तक." अन् ठेवला फोन. अगदी माझ्यासारखं. ऐकून अंगावर काटा आला. बाईमाणसाच्या तोंडी किती उद्धट वाटते! टायपिस्ट देवानंद म्हणे, घरी नवऱ्याचं काय होत असेल. लग्न झालं नाही तिचं, पण मुद्दा बरोबर.
समजावलं. ठाम, पण नरम. तिनं विचारलं, म्हणजे नेमकं कसं? प्रत्येक गोष्टीत एवढं काहून विचारते, कोण जाणे.

१० जानेवारी
आता बोलतच नाही. मीटिंगमध्ये साहेबानं विचारलं, तर म्हणे, शेषरावसाहेब सांगतील. घमेंड! साहेबाले मी स्पष्ट सांगितलं: पोरगी हुशार आहे, पण बोलणं बरोबर नाही. फोन मीच सांभाळतो.

१४ जानेवारी
साहेबानं तिले वरच्या मजल्यावर प्लॅनिंगले पाठवलं. सुटलो. जाताना सगळ्यांले तिळगूळ दिला, मलेही. गोड बोला म्हणाली. हसली का, ते नीट दिसलं नाही.

१५ जानेवारी
हिरालालले फोन. "बीस डिब्बे. ग्यारह बजे तक." म्हणे, देखते हैं. संध्याकाळपर्यंत पाहूनच राहिला.

१७ जानेवारी
पाच डबे. त्यातल्या दोन डब्यांची दारं लागत नाही. हिरालालले फोनवर झापलं. त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला असावा, मागून चहाचे कप वाजत होते. तरी मी माझं पूर्ण बोललो. मुद्देसूद.

२० जानेवारी, दुपारी
खोलीत कोणी नाही पाहून वेगळा उपाय केला. म्हटलं, "भैया, खाना हुआ? खाँसी कैसी है?" हिरालाल म्हणे, "शेषरावजी, घर में सब ठीक है ना?" डबे नाही.

३१ जानेवारी
रत्नमाला पर्मनंट झाली. प्लॅनिंगच्या साहेबानं तिच्यासाठी शब्द टाकला म्हणे. माझं प्रमोशन अटकलं. साहेब म्हणाले, शेषराव, काम येते तुम्हाले, पण लोकांशी बोलता येत नाही. मले! वीस वर्षं झाली, मी बोलूनच राहिलो.
उद्या तीस डबे पाहिजे. नाही आले तर माल पडून राहील अन् माझं नाव पुढच्या वर्षीही निघणार नाही. शेवटी इंटरकॉमवर रत्नमालेले गाठलं. म्हटलं, हिरालालशी एकदा बोलून दे. डोकं फिरलेलं होतं, आवाज चढला असेल थोडा.
"सर, जरा हळू बोला," ती म्हणाली. "इथं लोक कामं करून राहिले."
मग मी हळू बोललो.