ट्रस्टच्या बाई आणि कमलचा सोफा

७ नोव्हें., शुक्र.
मनूला ट्रस्टचा फोन. रविवारी त्यांच्या बाई घर बघायला येणार. शिष्यवृत्ती द्यायची तर आधी घर बघतात म्हणे. पीएच.डी.ची पुढची दोन वर्षं त्यावरच आहेत. नाही मिळाली तर मुलुंडच्या कंपनीत नोकरी, आणि डंपिंगच्या कचऱ्यावरचं तिचं संशोधन बंद. नात माझी असं सांगते, जशी एक बस गेली तर दुसरी येईल. पण सकाळपासून दोनदा चहा थंड केलान.

९, रवि.
सकाळी बाजारात जाऊन सुरमई आणली. घरात खुर्च्या दोन, त्यातली एक लंगडी. एवढी शिकलेली बाई दारात येणार, तिला चटईवर बसवू? शेजारच्या कमलला म्हटलं, सोफा दे.
"काकी, लग्न हाय काय घरात?"
"गप. तिकडनं धर."
सोफा आला, काचेचे कप आले. तिचा बिघडलेला मिक्सर ओट्यावर मांडला, शोभेला. आमच्यात पाहुणा आला की शेजारणीचं सामान आपलंच. सूनबाई ड्युटीवर, नाहीतर तिने अडवलं असतं.
मनू बाईंना स्टेशनवरून घेऊन आली. सोफा बघून दारातच थांबली. मला वाटलं, खूश झाली.
बाई चांगल्या. साधी साडी. इकडे तिकडे बघून कागदावर खुणा करत होत्या. सुरमईचे दोन तुकडे खाल्ले.
त्या गेल्यावर मनू म्हणाली, "आजी, आपल्याला गरज किती आहे ते बघायला आल्या होत्या गं."
"मग आधी बोलायचं ना!"
"तू सोफा उचलून आणशील असं वाटलं नाही."
रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.
सोफा परत नेताना दाराला घासला. कमल बरंच बोलली. ऐकून घेतलं. मी!

१०, सोम.
मनू नमुन्याच्या बाटल्या घेऊन डंपिंगला गेली, रोजच्यासारखी. म्हटलं, बाईंना फोन करून खरं सांग. म्हणते, "आता सांगितलं तर तेच खोटं वाटेल." शिकून शिकून एवढंच शिकली.

११, मंगळ.
पार्ल्याला गेले, ट्रस्टच्या ऑफिसात. पत्ता मनूच्या फाईलवरून उतरवून घेतला. कोणाला बोलले नाही. जिना उभा, गुडघ्यांची वाट लागली.
बाई दचकल्या. "आजी, तुम्ही एकट्या?"
म्हटलं, "सोफा शेजारणीचा, कप शेजारणीचे, मिक्सर फिरतच नाही. सुरमई तेवढी माझी."
"अहो, मग मांडलंत कशाला?"
"तुम्ही आमच्या दारात आलात. आम्ही काय तुमच्या दारात आलो होतो?"
हसल्या, पण पेन उचललं. मग विचारलं, नात काय काम करते माहीत आहे का. माहीत नसायला काय झालं? कचऱ्याच्या डोंगराखालून काळं पाणी झिरपतं. त्यात कुठलाच जीव टिकायला नको, पण काही बारीक जंतू टिकतात, वर त्यातलं विष खातात. कुठले खातात, किती खातात, हे मनू शोधते. घरी येते तेव्हा वास येतो. आधी आंघोळ, मग जेवण, हा माझा कायदा.
बाईंनी सांगितलं, हा पैसा एका मास्तरणीचा. मूलबाळ नव्हतं. जाताना राहती जागा ट्रस्टला दिली, मुलींनी शोध लावावेत म्हणून. मी त्या बाईला कधी बघितलं नाही. बघितलं असतं तर सुरमई तिलाही घातली असती.
"आजी, शिष्यवृत्ती एक आणि नावं दोन उरलीत. दुसरी मुलगी साताऱ्याकडची, हाडांच्या रोगावर काम करते. वडील नाहीत. मी एकटी ठरवत नाही, शनिवारी कमिटी बसते."
हे ऐकायला नको होतं.

१३, गुरु.
मनूला कळलं, बाईंनीच फोन केला. मला वाटलं, आता तोफ.
"मला न विचारता गेलीस?"
"सोफा आणताना विचारलं होतं?"
हसू दाबायला गेली, जमलं नाही. गुडघ्यांना तेल लावून दिलं. हाताला जोर आहे पोरीच्या. दुसऱ्या मुलीचं तिला सांगितलं. तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "हाडांचं काम पण भारी असतं गं."

१५, शनि.
आज कमिटी. मनू डंपिंगला गेलीच, म्हणते जंतूंना सुट्टी नसते. फोन घरीच विसरली की मुद्दाम ठेवला, देव जाणे. दोनदा वाजला, दोन्ही वेळा कमलच, निकाल विचारायला.
देवापुढे दिवा लावला. मनूला मिळू दे, म्हणायला तोंड उघडलं आणि ती साताऱ्याची पोर डोळ्यांपुढे. तिचीही आजी असेल, तीही आत्ता हात जोडून बसली असेल. नुसतेच हात जोडले. काय ते त्याने ठरवावं, मला कोणी कमिटीत घेतलेलं नाही.