मोठ्या बाबांचा पाय

करंजाडे, पनवेल
६ जानेवारी २०२५

चि. निशास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला तोंड नाय, म्हणून लिहितो. तुझ्या मोठ्या बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. बुधाजीदादा आता शुद्धीवर हाय, दोन घास खातो. अंगठा काळा पडला तेव्हाच तुझी आई म्हणाली, निशाला विचारा. मी म्हटलं, ती फोटो काढणारी डॉक्टर, ती काय करणार? तुझ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीला मी गावभर एक्स-रेच म्हणत आलो. मलमपट्टी करत बसलो. पाय काढल्यावर डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर जांघेतून तार घालून बंद नस उघडता आली असती. माझी पोर तेच शिकते, हे सांगायची हिंमत झाली नाय. दादालाही यातलं काय सांगितलं नाय.

वेळेवर जेवत जा. बापाला मनातून काढू नको.

तुझा बाबा,
तुळशीराम

चेन्नई
१३ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

सगळा दोष स्वतःवर घेऊ नका. आईने तुम्हाला न सांगता अंगठ्याचा फोटो मला पाठवला होता. फेलोशिपमध्ये त्याच दिवशी सरांनी पहिल्यांदा तार माझ्या हातात दिली. एका परक्या आजोबांच्या पायाची नस मी उघडली. त्या आनंदात आईला कळवलं, साखरेच्या आजाराची जखम असेल, ड्रेसिंग करा. नस बंद झाली की पाय गार पडतो; तो गार लागतो का, एवढंसुद्धा विचारलं नाही. मोठ्या बाबांना तोंड कसं दाखवू? त्यांना इतक्यात सांगू नका. आईवर रागावू नका.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
निशा

करंजाडे
२१ जानेवारी

चि. निशास बुधाजीचा आशीर्वाद.

मी सांगतो, तुझी आई लिहिते. तुझं पत्र तुझ्या आईनंच, हौसानं, मला वाचून दाखवलं. मग तुळशालापन त्याची चूक सांगावी लागली. भिंतीकडं बघून सांगितलं त्यानं. तुमी बापलेकीनं एकमेकांची माफी मागितली, ज्याचा पाय गेला त्याला कोण कायच बोललं नाय. राग हाय मला, खोटं कशाला बोलू?

आता उजव्या पायाची बोटं गार लागतात. तुळशा म्हणाला, इथंच दुसरा डॉक्टर बघू. मी म्हटलं, नाय, चेन्नईची तिकिटं काढ. तुझे सर बाजूला उभे राहू देत, पण तार तूच घाल. आणि घालायच्या आधी, बापाला लिहिलंस ते माझ्या तोंडाकडं बघून सांग.

येतो. स्टेशनावर घ्यायला तूच ये.

तुझा मोठा बाबा