एकशे साठ पौंड

१४ जानेवारी १९६२, रविवार

लागलं! मला इंजिन लागलं! सोडतीत!

काल छोट्या इंजिनांच्या क्लबच्या चहाला मी सँडविचचं ताट घेऊन उभी. सिरिलने — सिरिल म्हणजे क्लबचा चिटणीस, चाळिशीचा बाप्या पण अजून शाळेतल्यासारखा लाजतो — टोपीतून चिठ्ठी काढली आणि म्हणाला, "नेली मावशी, तुमचीच!" सगळे हसले. हसणारच. चाकं आहेत, सांगाडा आहे, सिलिंडर आहेत. फक्त बॉयलर नाही. म्हणजे घोडा आहे आणि पोट नाही.

इंजिन असतं कुत्र्याएवढं. पण कोळसा घातला, वाफ धरली, की बागेतल्या छोट्या रुळांवरून मागे चार-पाच पोरं सहज ओढतं. चालवणारे सगळे पुरुष. मी गेली नऊ वर्षं चहा करते.

मिस्टर टॅटरसॉल म्हणाले, "मिसेस ग्रिमशॉ, छान दिसेल. शेकोटीच्या फळीवर ठेवा." टॅटरसॉल आमचे बॉयलर तपासनीस. जन्म रेल्वेत गेला, दक्षिणेकडचे कुठले तरी, इथे येऊन तीन वर्षं झाली. त्यांनी पास केल्याशिवाय कुणाची गाडी रुळावर जात नाही.

फळी भरलेली आहे हो माझी. तिथे आल्बर्टच्या कबुतरांनी शर्यतीत जिंकलेले कप आहेत. कबुतरांचे कप फळीवर आणि नवऱ्याचे पाय फळीखाली — मला जागा कुठली!

मागच्या उन्हाळ्यात नात गिलियन गाडीवरून उतरली आणि विचारते, "आजी, गाडी आजोबाच का चालवतात? आज्या का नाही?" मी म्हटलं, आज्या चहा करतात. म्हटलं खरं. तेव्हापासून ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलंय.

बॉयलर मीच करणार. नियमात बाई नको असं कुठे आहे ते सिरिलला वाचून दाखवायला लावलं. नाही! कुठ्ठे नाही!

२७ जानेवारी

तांबं आलं. आल्बर्ट कबुतरखान्यातून ओरडला, "ते पिंप फुटलं तर माझी पाखरं मरतील!" मी मरेन त्याचं काही नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

पत्रा ठोकतेय. तांबं लाल तापवायचं, पाण्यात बुडवायचं — च्यॉंय! — की मऊ येतं, कणकेसारखं. मग लाकडाच्या ठोकळ्यावर घेऊन कडा वळवायच्या. चार ठोके दिले की परत ताठरतं. परत तापवा. अगदी आल्बर्टसारखं.

आयडा मदतीला असते. समोरच्या घरात राहते, कापडगिरणीत मागावर माझ्या शेजारीच होती. बाराव्या वर्षी अर्धा दिवस शाळा अर्धा दिवस गिरणी अशा लागलो आम्ही दोघी, त्यामुळे शाळेत मी झोपायचे. पण गिरणीत शिकलो ते शिकलो. मागांचा खडखडाट असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. मग ओठ वाचायचे. गावातल्या सगळ्या मागावरच्या बायकांना येतं. अजून मी आणि आयडा आपापल्या खिडकीतून रस्त्यापलीकडे बोलतो, आवाज न करता, तोंडं हलवून. आल्बर्ट म्हणतो, "दोन मासे!"

आयडाचा भाऊ प्लंबर होता, देवाघरी गेला. त्याचा रॉकेलचा मोठा झोतदिवा तिच्याकडे राहिला, आणि तो वापरायचा कसा हेही तिच्याकडे राहिलं. दुसरा दिवा मी मागून आणला. एका दिव्याने एवढं तांबं तापत नाही.

काय लिहीत होते? हां, पत्रा. एक कड फाटली. नवा पत्रा घेतला.

४ मार्च, रविवार

झाळायला सुरुवात! धुणीघरात. टाकणखाराची पेस्ट सांध्यांना चोपडली, दोन्हीकडून दोन दिवे लावले. काय तो आवाज! आयडाने हॅट घातलेली — प्रार्थनेला जायची हॅट. म्हटलं हॅट कशाला? तर म्हणते, "केस जळाले तर आतून जळू देत, लोकांना दिसायला नको." तांबं लालभडक झालं, चांदीची काडी टेकवली, आणि ती चांदी सांध्यात अशी पळाली — पाण्याचा ओघळ पळावा तशी! दोघी किंचाळलो. दिव्यांच्या आवाजात काही ऐकू येईना, पण मला तिची किंचाळी दिसली.

५ मार्च

भुवई एक गेली. डावी.

८ एप्रिल, रविवार

धुराच्या नळ्या बसल्या. भट्टी बसली. भट्टीची भिंत आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये पाणी असतं, आणि त्या दोघी एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून आरपार तांब्याचे खिळे. एकेक खिळा झाळायचा. हे काम फार किचकट. आतल्या कोपऱ्यात दिवा नीट पोचत नाही. पोचला असेल असं म्हणूया.

गिलियन येऊन आत डोकावली. "आजी, मी पहिल्या डब्यात बसणार." बस हो बाई. राणीसारखी बस.

२८ एप्रिल, शनिवार

तपासणी झाली. कागद मिळाला, सहीचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता नाही लिहिवत. उद्या.

२९ एप्रिल, रविवार

लिहिते आता.

गाडी चालते ऐंशी पौंड दाबावर. तपासायची दुपटीवर, एकशे साठ. वाफेने नाही, पाण्याने. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि हातपंपाने दाब चढवायचा. पाण्याने फुटला तर नुसता गळतो. वाफेने फुटला तर माणूस जातं.

तर क्लबच्या खोपटात तपासणी. मला बाहेर खुर्ची दिली, उन्हात. पुरुषांना कधी देतात का खुर्ची? ते पंपाच्या डोक्यावर उभे असतात! पण म्हटलं असू दे, मान देताहेत. आयडा शेजारी. खिडकीतून आतलं दिसत होतं — सिरिल पंपावर, आमच्याकडे पाठ. टॅटरसॉल दाबाच्या काट्यासमोर, तोंड बरोबर आमच्याकडे. रुळावर कुणाची तरी गाडी फुसफुसत होती, ऐकू काही येत नव्हतं.

टॅटरसॉल वाकले, बॅटरीचा झोत भट्टीत मारला. मग ओठ हलले.

"थांब. एकशे वीस. खिळे पाझरायला लागलेत."

सिरिलने काहीतरी विचारलं असणार. पाठीवरून मला वाचता येत नाही.

"जाऊ दे रे. म्हातारी कुठे चालवणार आहे! फळीवर ठेवील, पुसत बसेल. कशाला तिचं मन मोडायचं?"

आयडाने माझ्याकडे पाहिलं. तिनेही वाचलं होतं. आवाज न करता म्हणाली, "घे कागद आणि तोंड मीट."

टॅटरसॉल बाहेर आले. "अभिनंदन, मिसेस ग्रिमशॉ! एकशे साठ! ठणठणीत!" आणि मी कागद घेतला. आभारी आहे म्हटलं.

वाईट वागला असता तर तिथेच चार शब्द सुनावले असते. पण मेला चांगुलपणाने वागला! गिरणीत कापड तपासणारा एक होता, तोंडाचा इतका घाण. एक धागा चुकला की कापड तोंडावर फेकायचा — "नेली, हे कापड आहे का माशांचं जाळं?" रडायचे मी तेव्हा. पण तो कधी म्हणाला नाही की असू दे, बिचारी, घरी पडदा करील.

आणि गिलियन पहिल्या डब्यात बसणार आहे. भट्टीच्या मागे, हातभर अंतरावर.

२ मे, बुधवार

आज क्लबची सभा. मी चहा केला नाही. तिथेच निम्मे घाबरले.

उठले आणि म्हटलं, "मिस्टर टॅटरसॉल, एकशे वीसला पास करायचं असेल तर सगळ्यांना करा. नाहीतर मलाही नको."

"एकशे वीस कोण म्हणतं?"

"तुम्ही म्हणालात."

"मी? कुणापाशी? सिरिल!"

"आईशप्पथ, मी नाही बोललो!" सिरिल पांढराफटक.

"खिडकीतून म्हणालात. फळीवर ठेवील, पुसत बसेल."

मग मागच्या बाकावरून एक म्हातारा खोकला आणि म्हणाला, "काय हो टॅटरसॉल, तीन वर्षं झाली, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? या गावात मागावरच्या बाईसमोर तोंड हलवायचं नसतं!" खोली फुटली हसून. टॅटरसॉल बिटासारखे लाल. मला दया येणार होती, पण येऊ दिली नाही.

"मी तुमचं भलंच बघत होतो," म्हणाले.

"मागे माझी नात बसणार आहे. तिचं भलं बघा."

कागदाचे चार तुकडे केले आणि त्यांच्या रिकाम्या बशीत ठेवले.

"शनिवारी दहाला," ते म्हणाले. कोरडे.

"खुर्ची नको," मी म्हटलं.

५ मे, शनिवार

नापास!

एकशे चाळीसला भट्टीच्या कोपऱ्यातून पिचकारी उडाली ती थेट टॅटरसॉलच्या चष्म्यावर! "नापास!" असे ओरडले की आयडाची हॅट हलली. "हा सांधा आहे का चाळणी? खिळे कुणी झाळले, कोंबडीने?" आणि पेन्सिल फेकली. पुरुषांवर फेकतात ना, तश्शी!

इतकी खूश झाले मी! येताना आल्बर्टसाठी तळलेले मासे घेतले. तो म्हणतो, "पास झालीस?" म्हटलं नाही, साफ नापास. तो बराच वेळ माझ्याकडे बघत खात होता.

६ मे, रविवार

सिरिल मागच्या दाराने आला, टोपी चुरगाळत. "मावशी, मूठभर ओट टाका पाण्यात. पाझरणारी भोकं बुजतात. पुष्कळ जण टाकतात." म्हटलं ओट मी केकात घालते, बॉयलरात नाही. केक दिला त्याला. खाल्लान बिचाऱ्याने, दोन तुकडे.

पण भीती वाटते. पूर्ण बॉयलर परत लाल करायचा म्हणजे जे सांधे धरलेत तेही सुटू शकतात. मग गेलं सगळं भंगारात. जूनमधल्या चर्चच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी गिलियनला बसवायचा शब्द दिलाय.

१३ मे, रविवार

केलं. प्रार्थना बुडवली. देव काय ते समजून घेईल, पाद्री नाही घेणार.

या वेळी भट्टी वर करून ठेवली, आतला कोपरा आधी. मध्येच माझा दिवा फुरफुरला — तोंड तुंबलं! तांबं काळं पडायला लागलं. "तुझा विझला!" आयडाचे ओठ. आणि कोण आत आलं म्हणता? आल्बर्ट! कबुतरांच्या पायातल्या कड्यांची तार घेऊन. भोकात खुपसली, साफ केलं, दिवा भडकला. भिंतीला टेकून उभा राहिला, काम संपेपर्यंत. मग म्हणाला, "पाखरं घाबरलीत. जाऊन बघतो."

पंचेचाळीस वर्षांत हा माणूस धुणीघरात पहिल्यांदा आला.

२६ मे, शनिवार

पंपाशेजारी उभी राहिले. म्हटलं मी मारू का पंप? "नाही," टॅटरसॉल म्हणाले. "आपला बॉयलर आपण तपासायचा नाही. नियम आहे. माझासुद्धा सिरिलच तपासतो."

आयडा फटकळ. "सिरिल तर तुमच्या शिंकेला घाबरतो. तुमच्यासाठी कितीला थांबतो तो?"

सगळे हसले. टॅटरसॉल हसले नाहीत. सिरिलने पंपाकडे बघितलं.

ऐंशी. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीस. एकशे साठ. मग वाट बघायची. काटा हलला तर संपलं. अर्धा तास कुणी सिगरेटसुद्धा पेटवली नाही. शेवटी टॅटरसॉलनी कोरडा रुमाल काढला, हात भट्टीत घातला, एकेक खिळा पुसला, कोपरे पुसले. रुमाल उजेडात धरला.

कोरडा!

"पास," म्हणाले. अभिनंदन नाही, ठणठणीत नाही. नुसतं पास. मला तेवढंच हवं होतं.

२ जून

वाफेवरची तपासणीही झाली, आमच्याच परसात. शिट्टी वाजली. कबुतरं उडाली, सगळी परत आली. आल्बर्टने मोजली.

९ जून, शनिवार

चालवलं! बागेला तीन फेऱ्या! गिलियन पहिल्या डब्यात, कानाशी ओरडत, "आजी, जोरात!" तोंडावर काजळी, डोळ्यात कोळसा, पाठीत उसण. चहा सिरिलने केला. कसला चहा तो! बैलाला पाजावा.

टॅटरसॉलचं इंजिन आज रुळावर नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणाले, काम काढलंय.

१० जून, रविवार

आज चर्चची मिरवणूक. बँड आमच्या दारासमोर आला, ढोलाने खिडक्या थरथरत होत्या. पलीकडच्या फुटपाथवर टॅटरसॉल, हॅट हातात. माझ्याकडे बघून त्यांचे ओठ हलायला लागले — नवशिके, एवढा आ करून, गाईने रवंथ करावं तसे. "सिरिलने — कबूल केलं. दर वर्षी — शंभरला — थांबायचा." मग हॅट छातीशी धरली. "माझा बॉयलर — तुम्ही — तपासाल?"

मी ओठांनीच सांगितलं, सावकाश, त्यांना वाचता यावं म्हणून: एकशे साठ. आणि खुर्ची मिळणार नाही.