पाण्यात उतरायचा रविवार

दादा, तुमचा चष्मा ओढून पळणारी तुमची नात आता इंग्लंडात शिकते. देवगाव फाट्यावर तिला गाडीत बसवलं, तेव्हापासून एकामागून एक भीती माझ्या मागं लागली आहे. आधी तिकडच्या थंडीची भीती, मग ती नीट जेवत नाही याची, आणि ईस्टरच्या आठवड्यात या सगळ्यांवर कडी करणारी एक भीती आली. ती तुम्हालाच सांगायची आहे. तिच्या वडिलांना अजून कळू दिलेलं नाही. त्यांना सांगितलं तर इथं अर्ध्या सेलू गावाला ऐकू जाईल असं बोलतील आणि तिला शिक्षण सोडून परत यायला लावतील.

त्याचं असं झालं. तिच्या विद्यापीठात ख्रिस्ती मुलामुलींचा एक गट आहे. हिवाळ्यात त्यांनी वसतिगृहात चिठ्ठ्या वाटल्या: मनात असेल तो प्रश्न मोबाइलवर पाठवा, आम्ही गरम सँडविच घेऊन दारात येऊ आणि उत्तर द्यायचा प्रयत्न करू. बाकीच्यांनी देव आहे का, मेल्यावर काय होतं, असलं विचारलं. आमच्या बाईसाहेबांनी विचारलं, इथं ज्वारीचं पीठ कुठं मिळतं? मी पोट धरून हसले होते. पण त्या शनिवारी त्यांच्यातली एक मुलगी तिला गाडीतून तासभर लांबच्या दुकानात घेऊन गेली आणि पिठाची पिशवी मिळाल्यावरच दोघी परतल्या. मग दर शुक्रवारी त्यांच्याकडं जेवण, जेवणानंतर बायबलचं वाचन, आणि ईस्टरच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं तेव्हा एकटी राहू नको म्हणून त्या मुलीच्या घरीच मुक्काम. चांगली माणसं आहेत हो, दादा. त्याचंच मला भ्या वाटायला लागलं. वाईट माणसांपासून लेकरू ओढून तरी आणता येतं.

गुड फ्रायडेची सुट्टी होती. मी कूलरसमोर कोथिंबीर निवडत बसले होते आणि फोन वाजला. पडद्यावर ती, मागं अनोळखी स्वयंपाकघर. "आई, चिडणार नसशील तर सांगते. रविवारी दोघीजणी बाप्तिस्मा घ्यायल्यात. पाण्यात उतरून. मला बी घ्यावा वाटायलाय." कुणी मागं लागलं का, म्हणून विचारलं. "न्हाई गं. ते तर म्हणायलेत, घाई करू नको, आधी घरी इचार. म्हणून तर इचारायलेय."

तुम्ही गेल्यावर मी तहसिलात लागले, जातीच्या दाखल्यांच्या टेबलावर बसते. आपण बौद्ध झालो तरी आपला दाखला राहतो, ख्रिस्ती झालं की राहत नाही, हे मी खिडकीबाहेरच्या लोकांना कितीदा तरी कोरड्या आवाजात सांगितलं आहे. तिची शिष्यवृत्ती त्याच दाखल्यावर आहे. अर्ध्या शिक्षणात तो कागद गेला तर पोरगी परक्या मुलखात उभी कुठं राहील? हे तिला सरळ सांगता आलं असतं. पण मला नुसत्या कागदाची भीती नव्हती. मी मेल्यावर माझ्या उशाशी बसून वंदना म्हणणारं कुणी उरणार नाही, असं काहीतरी मनात आलं.

तेव्हा तुमची आठवण झाली. माझी दहावीची परीक्षा. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि मैत्रिणीच्या आईनं दर्ग्यातून आणून दिलेला दोरा तुम्हाला माझ्या मनगटावर दिसला. मार बसणार या भीतीनं भाकरी मोडली. तुम्ही पाट ओढून बसलात. "पटून बांधलास का भ्यापोटी?" मी म्हणाले, "लय भ्या वाटायलंय, दादा. गणित येत न्हाई." "मग गणिताची फिकीर कर. दोरा पटला आसंल तर खुशाल ऱ्हाऊ दे, माझी काय ना न्हाई." आणि मग झरी गावच्या आजीचं सांगितलंत. घरातल्या सगळ्यांनी दीक्षा घेतली, देव बाहेर गेले, पण आजी वर्षभर आपली देवी उतरंडीत ठेवून होती आणि तिला विचारल्याशिवाय कुणी त्या मडक्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मला गणित शिकवायला बसलात. दोरा मीच सोडला, निकालानंतर.

हे सगळं मला आठवत होतं. तरी मी लेकीला म्हणाले, "तुझ्या आजोबांनी शेवटच्या आजारात माझा हात धरून सांगितलं व्हतं, आपल्या घरातलं कुणी हा धम्म सोडू नका म्हणून." ती म्हणाली, "तू सांगितलं आसतंस तर मी वाद घातला आसता. आजोबांचं हाय तर ऱ्हाऊ दे." त्या रविवारी ती काठावर उभी राहून इतरांना पाहत होती म्हणे. त्यानंतर शुक्रवारच्या जेवणालाही जाणं तिनं बंद केलं. लाज वाटते म्हणते. खोलीवर एकटीच खाते. फोनवर आता जेवलीस का, जेवले, एवढंच होतं. मला हवं होतं ते झालं, आणि भीती मात्र तिथल्या तिथंच आहे.

काल तिनं स्वतःहून फोन केला. आजोबा नेमके कसे बोलले होते, त्यांचे शब्द सांग, मला वहीत लिहून ठेवायचेत, म्हणाली. मी सांगितले, दादा. तुमच्या बोलण्याच्या ढंगात, अडखळत, मध्ये धाप टाकत. तिनं एकेक शब्द लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला. हॉस्पिटलात शेवटी तुम्ही डोळे उघडून फक्त "पंखा बारीक कर" म्हणाला होतात. एवढंच तिला सांगायचं आहे, आणि माझं धाडस होत नाही.