पातळ पाकीट

सॉल्सबरी,
४ फेब्रुवारी १९८७

आमच्या बेरिलला,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या टेंटर स्ट्रीटवर भावंडाच्या नावाआधी 'आमचा' किंवा 'आमची' लावल्याखेरीज माणूस पुरा होत नसे. इथे दक्षिणेत पोरांना लॅटिन शिकवताना माझी हयात गेली, पण षष्ठी विभक्तीचा याहून प्रेमळ प्रयोग कुठल्या व्याकरणात आढळला नाही.

तुझ्या गुडघ्याचं कळलं. वीस वर्षं बसच्या पायऱ्या चढल्या-उतरल्यावर गुडघ्याने तक्रार करणं न्याय्यच आहे. तू बस-इन्स्पेक्टर झाल्यापासून तक्रारी ऐकत नाहीस, ही त्याची अडचण.

आता कामाचं. आपल्या वर्गातला सिरिल ब्रॅम्हॉल आठवतो ना? तो हॉल्डनशॉच्या वाचनालय समितीचा अध्यक्ष झाला आहे. लढाईनंतरच्या बालपणाच्या आठवणींचं एक पुस्तक काढायचं त्याने ठरवलं आहे, आणि संपादनाचं जू माझ्या मानेवर ठेवलं आहे. मेमध्ये नगरभवनात प्रकाशन. माझ्या लेखाचा खर्डा सोबत आहे. आईने लढाईत खिडक्या झाकायच्या काळ्या पडद्यांच्या कापडातून शिवलेल्या चड्ड्या त्यात आहेत, ज्यांत आपण दोघं दोन छोट्या पाद्र्यांसारखे दिसत असू. सत्तेचाळीसचा हिवाळा आहे, शाळेतल्या दुधाच्या बाटल्या गोठून त्यांची झाकणं टोपीसारखी वर आली होती तो. शनिवारचा पत्र्याचा टब आहे, आणि त्यात आधी कोणी उतरायचं यावरचे तहनामे. तू वीस मिनिटांनी मोठी. त्या वीस मिनिटांवर तू आजवर राज्य करते आहेस.

शेवटी सायकलीची गोष्ट घातली आहे. अकराव्या वर्षीच्या निवड-परीक्षेत माझा हुशार मुलांच्या ग्रामर स्कूलला नंबर लागला, तू दुसऱ्या शाळेत गेलीस. बाबांनी मला कबूल केलेली जुनी सायकल त्याच दिवशी आणली. दुसऱ्या दिवशी ती तू न विचारता पळवलीस, वाट चुकलीस, आणि सारी गल्ली शोधून दमल्यावर चहाच्या वेळी परत आलीस. वाचक हसतील असा माझा कयास आहे.

तुझ्याही चार गोड आठवणी धाड. 'गोड' हा शब्द सिरिलने दोनदा अधोरेखित केला आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर हरकत घेणार नाही.

तुझा धाकटा,
लायनेल


हॉल्डनशॉ,
१५ फेब्रुवारी

आमच्या लायनेलला,
नमस्कार, वि. वि.

गुडघा आहे तिथेच आहे. खर्डा वाचला. चड्ड्यांचं खरं आहे, पण त्या मांड्यांना काचायच्या ते तू गाळलंस. गोठलेलं दूध बाई शेगडीपाशी ठेवायच्या आणि ते कोमट प्यायला लागायचं, त्याचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. आणि तुझ्या त्या मौजेच्या हिवाळ्यात समोरच्या मिसेस ऑग्डेनचं तान्हं बाळ छातीत कफ होऊन गेलं. कोळसा नव्हता. बाटल्यांच्या टोप्यांशेजारी तेही मावेल बघ.

आता सायकल. मी वाट चुकले नव्हते.

मी आठ मैल चढ चढून शिक्षण कचेरीत गेले होते. तिथल्या कारकुनाला म्हटलं, माझा पेपर दाखवा, माझं काय चुकलं ते मला बघायचंय. त्याने मला बिस्कीट दिलं आणि म्हणाला की पोरी, घरी जा, आई वाट बघत असेल, आणि मुलींनी एवढ्या चढावर सायकल हाणू नये. बिस्कीट मी खाल्लं, भूक लागली होती. मग पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने खिडकी लावून घेतली. घरी येऊन वाट चुकले म्हणाले, कारण ते सांगायला सोपं होतं. छत्तीस वर्षं तुम्ही हसताय. मी हसू दिलं.

ती सकाळ तुला आठवते का? पाकीट फोडायलाही लागायचं नाही. जाड असलं तर आत गणवेशाची यादी, म्हणजे पास. पातळ असलं तर आत एकच कागद. पोस्टमनने तुझं आईच्या हातात दिलं आणि माझं दाराच्या फटीतून आत सरकवलं, आई दारातच उभी असताना. त्या कागदात नापास हा शब्दसुद्धा नव्हता. लिहिलं होतं की मुलीच्या प्रकृतीला अनुरूप अशा शाळेत तिची योजना केली आहे. माझ्या प्रकृतीला अनुरूप काय निघालं, तर कॉलरला इस्त्री करायला आणि पांढरा सॉस ढवळायला शिकणं. पंधराव्या वर्षी गिरणी.

हे सगळं मी गिळलं होतं. पण गेल्या आठवड्यात आपल्या एंटविसल हेडमास्तरांची लेक मार्जरी डेपोत आली. म्हातारबा नाताळात गेले. त्यांचं कपाट आवरताना तिला त्यांची एक्कावन्न सालची वही सापडली. सगळ्या वर्गाचे गुण आहेत. लायनेल क्रॉशॉ, २३२. बेरिल क्रॉशॉ, २४१. माझ्या पुढे बारीक अक्षरात लिहिलंय, मुलींच्या जागा संपल्या, खेद वाटतो. मुलींची शाळा लहान, म्हणून मुलींसाठी रेघ वर ओढायची. खेद वाटला तो त्यांनी कपाटात ठेवला.

तर माझी गोड आठवण ही. एकच वाक्य आहे, शब्द बदलू नकोस: बेरिल क्रॉशॉ नापास झाली आणि तिला भावापेक्षा नऊ गुण जास्त होते. नापासच लिही. अनुरूप-बिनुरूप नको.

लोभाचं पुस्तक छापून आल्यावर बघू.

तुझी थोरली,
बेरिल


सॉल्सबरी,
१ मार्च

आमच्या बेरिलला,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आकडे वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले; आकड्यांत सुधारणा झाली नाही.

सिरिलशी फोनवर बोललो. त्याचं म्हणणं असं की हे पुस्तक लोक चहाबरोबर वाचणार, केकवर मोहरी कशाला फासायची? त्याची उपमा सामान्य आहे, पण मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. दोष व्यवस्थेचा होता. ती व्यवस्था गेली, तिचे कारकून गेले. मृतांवर खटला भरून निकाल कोणाला ऐकवायचा? मी मध्यममार्ग सुचवतो. 'माझी बहीण बुद्धीने माझ्याहून तसूभरही उणी नव्हती' असं मी लिहितो. वाक्य खरं आहे, डौलदार आहे, आणि सिरिलला ते पचेल.

शिवाय आईचा विचार कर. एवढा बोजा मनात घेऊन ती शेवटपर्यंत एक अक्षर न बोलता गेली. तो आता चव्हाट्यावर मांडणं तिला रुचलं असतं का?

गुडघ्याला ऊब दे. लोभात खंड नसावा.

तुझा,
लायनेल


हॉल्डनशॉ,
५ मार्च

लायनेल,

आई कुठला बोजा घेऊन गेली?

माझं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. वही एंटविसल मास्तरांची, कपाट त्यांचं, सांगणारी मार्जरी. आईला काही ठाऊक होतं असं मी लिहिलेलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं.

तुला कसं माहीत?

बेरिल


सॉल्सबरी,
२९ मार्च

बेरिल,

'आमच्या' हे पद तू काढून घेतलंस, तेव्हा मीही ते वापरत नाही. उत्तराला तीन आठवडे लागले. त्यातले दोन मी वाक्यरचना शोधण्यात घालवले आणि एक, रचना सापडल्यावर ती टाकून देण्यात.

पाकिटं आली त्या दिवशी दुपारी एंटविसल मास्तर आईला गिरणीच्या फाटकाशी भेटले होते. घरी आल्यावर ती दारात उभी राहिली. समोरच्या खिडकीत मिसेस ऑग्डेन होती. तू आत बटाटे सोलत होतीस, मी रस्त्यावर सायकलीची घंटी पुसत होतो. आई बोलू लागली ती आवाज न काढता, मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका नुसत्या ओठांनी बोलतात तशी. तिची समजूत अशी की पोरांना ते वाचता येत नाही. आपण ते सातव्या वर्षी शिकलो होतो.

ती म्हणाली की आमच्या बेरिलला जास्त आहेत, नऊने जास्त, आणि हे तिला कळता कामा नये, नाहीतर ती घर पेटवील. मिसेस ऑग्डेनने विचारलं, आणि आमच्या लायनेलचं काय? आई म्हणाली, त्याला मिळालंय ते मिळू दे, दोघांचं जाण्यापेक्षा एकाचं राहिलेलं बरं.

मी घंटी पुसत राहिलो. फार चकचकीत झाली.

अकरा वर्षांचा होतो असं म्हणून सुटता आलं असतं. पण मग मला बारावं लागलं, पंचविसावं लागलं, सत्तेचाळिसावंही लागलं. आधी भीती होती की सांगितलं तर जागा काढून घेतील. नंतर ती भीती गेली आणि सवय उरली. तू वाट चुकलीस ही गोष्ट मी पाहुण्यांना इतक्यांदा सांगितली आहे की ती मला खरीच वाटू लागली होती.

तुझं वाक्य, एक शब्द न बदलता, आणि त्याखाली वरची हकिगत, असं एक पान मी समितीला धाडलं. सिरिलने ते गाळून पुस्तक छापखान्यात दिलं. राजीनामा द्यावा असं एकदा मनात आलं. पण प्रकाशनाच्या दिवशी संपादकाला दहा मिनिटं बोलू देण्याची प्रथा आहे, आणि ती प्रथा सिरिल विसरला आहे. सोळा मे, दुपारी तीन. ये असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

इथे लोभाचं वाक्य यायचं. जागा रिकामी सोडतो.

लायनेल


हॉल्डनशॉ,
१८ मे

आमच्या लायनेलला,
नमस्कार, वि. वि.

मी मागे दाराशी होते, गणवेशातच, कारण पाचची पाळी होती. तू वाचलंस. 'नापास' अगदी नीट म्हणालास. मग खाली मान घालून गाडी गाठायला पळालास, म्हणून पुढचं तुला सांगते.

सिरिल उठला आणि म्हणाला की पलीकडे चहा तयार आहे. कोणी हललं नाही. मार्जरीने वही आणली होती. ती तिने उघडून पुस्तकांच्या ढिगावर ठेवली आणि बाजूला झाली. आधी मासळीच्या दुकानातली ग्लॅडिस पुढे गेली. बोट फिरवत फिरवत तिने स्वतःचं नाव काढलं, २३८. ती तशीच उभी राहिली, दुसऱ्या हातात केक. मग आणखी सहा जणी गेल्या. दोघींचे गुण खरंच कमी होते. त्या म्हणाल्या, बरं झालं, एकदाचं कळलं तरी. ग्लॅडिसचं बोट तेवढ्यात वर सरकलं आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: ब्रॅम्हॉल, सिरिल, २२४, पास. तो आकडा मी फेब्रुवारीतच पाहिला होता. तुला लिहिला नाही, कारण तो वाचायचा मान माझा नव्हता. सिरिल म्हणाला, चहा निवतोय. ग्लॅडिस म्हणाली, सिरिल, आमच्या प्रकृतीला निवलेलाच चहा अनुरूप आहे.

सातही जणींनी आणि मी मिळून वाचनालयात अर्ज दिलाय. तुझं पान आणि त्या सात जणींची नावं, गुणांसकट, पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत चिकटवायची. नाही म्हणाले तर आम्हीच चिकटवू. खळ उकळायला आम्हाला त्या शाळेत शिकवलं होतं.

मला वाटलं होतं की मोठ्याने वाचलं गेलं की बरं वाटेल. तसं झालं नाही. राग आला, अगदी ताजा, सायकलवरून उतरले त्या दिवशीसारखा. तो मी ठेवून घेणार आहे. माझ्या वयाच्या बाईकडे एक तरी धड वस्तू असावी.

आईचं म्हणशील तर तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी घर पेटवलं असतं.

आणि एक. वाचताना तू 'माझी बिचारी बहीण' म्हणालास. कागदावर नसणार, तोंडातून निसटलं असेल. ते खोड. मी नापास झाले, बिचारी कधीच नव्हते.

तुला माफ केलं असं या पत्रात लिहीत नाही. त्याच्यासाठी तू इथे ये, स्वयंपाकघरात बस, आणि मी ओरडीन तेवढं ऐकून घे. आवाज काढून ओरडणार आहे.

तू सोडलेल्या रिकाम्या जागेत लिही की लोभ आहे. ही निवड मी केलेली आहे, कोणाचे गुण न बघता.

तुझी थोरली,
बेरिल